अध्यक्षकाकूंचे २,८०० रुपये

आमच्या बचतगटात आम्ही १४ जणी. दर महिन्याच्या १० तारखेला दुपारी कुणाच्या तरी ओसरीवर सभा असते. प्रत्येकीचे २०० रुपये, म्हणजे महिन्याला २,८०० जमा. कर्ज घेतलं तर शेकडा २ रुपये महिना व्याज. सचिव मी, म्हणून वही माझ्याकडे. बेरीज जुळली नाही की चूक नेमकी कुठल्या महिन्यात शिरली ते शोधत मागं मागं जायचं. यात माझे किती रविवार गेले त्याची मात्र कुठल्याच वहीत नोंद नाही.

मुलगा डिप्लोमाच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याला जावा ही प्रोग्रॅम लिहायची भाषा आहे आणि त्यात खिडक्या-बटणांचा एक अख्खा धडा आहे. दिवाळीच्या सुट्टीत तो जर्नल पूर्ण करत बसला होता. मी सहज डोकावले आणि म्हटलं, ही बटणं माझ्या वहीला लावता आली तर? मी बीएस्सीला सी ही तसलीच जुनी भाषा शिकलेले होते, वीस वर्षांपूर्वी. ‘मेन’ म्हणजे मुख्य भाग, तिथून सुरू व्हायचं, ओळीमागून ओळ खाली यायचं, मधे थांबून वापरणाऱ्याला आकडा विचारायचा आणि शेवटी बेरीज छापायची, एवढं डोक्यात पक्कं होतं. तसाच काळ्या खिडकीतला एक कार्यक्रम, म्हणजे प्रोग्रॅम, मी जावात दोन संध्याकाळी लिहिलाही आणि तो चालला. पण त्या काळ्या खिडकीपुढं आमच्या गटातली एकही बाई बसली नसती. बटणं हवीच होती.

खिडकी काढणं फार अवघड गेलं नाही. जेफ्रेम घ्यायची, तिच्यात जेटेक्स्टफील्ड म्हणजे लिहायची चौकट टाकायची, जेबटन टाकायचं. पहिल्यांदा खिडकी कोरी आली, कारण मी ती आधी दाखवली आणि सामान नंतर भरलं. ओळींची अदलाबदल केली आणि सगळं दिसायला लागलं. फक्त बटणावर ‘जमा’ असं लिहिलेलं होतं तिथं डोक्यावर तिरकी रेघ असलेला छोटा रोमन ए, शेजारी चलनाचं ते गोल चार पायांचं चिन्ह, पुन्हा ए, पुन्हा चिन्ह, अशी माळ उमटली. ज्यांनी कधी संगणकावर मराठी बिघडलेली पाहिली असेल त्यांना ती माळ तोंडपाठ असते. नोटपॅडनं फाइल युटीएफ-८ या अक्षरांच्या संकेतात ठेवली होती आणि आमच्या लॅपटॉपवरचा जावा १७ चा कंपायलर, म्हणजे आपण लिहिलेलं संगणकासाठी उतरवून देणारा, ती विंडोजच्या जुन्या इंग्रजी संकेतांप्रमाणे वाचत होता. कंपाइल करताना एन्कोडिंग युटीएफ-८ आहे असं सांगितलं की अक्षरं सरळ येतात. जावा १८ पासून तेही सांगावं लागत नाही.

आता खरी गंमत. मी खिडकी दाखवायच्या ओळीच्या लगेच खाली लिहिलं: चौकटीतला मजकूर घे, त्याचा आकडा कर, वहीत लिही. चालवलं, तर खिडकी उघडते न उघडते तोच मागच्या काळ्या पडद्यावर नंबरफॉरमॅटएक्सेप्शन, म्हणजे ‘याचा आकडा होत नाही’ ही तक्रार, आणि पुढं ‘फॉर इनपुट स्ट्रिंग’ म्हणून दोन अवतरणचिन्हं, आत काहीच नाही. बरोबरच होतं. मी चौकटीला हात लावायच्या आधीच जावानं ती वाचून टाकली होती. रिकामी चौकट, रिकामा मजकूर, त्याचा आकडा कसा होणार?

मग मी हुशारी केली. चौकट रिकामी आहे तोवर फिरत राहा, असा एक ‘व्हाइल’ लावला. लॅपटॉपचा पंखा मिक्सरसारखा घोंघावायला लागला, पण खिडकी थांबली, मी खूश. २०० लिहायला घेतले. पहिला २ दाबला मात्र, चौकट आता रिकामी राहिली नाही म्हणून फेरा सुटला आणि वहीत २ रुपये जमा झाले. उरलेली दोन शून्यं मी कुणासाठी लिहीत होते देव जाणे.

मुलगा हसून लोळायचा बाकी राहिला. म्हणाला, “आई, तू त्याच्या दारात उभी राहून ‘झालं का, झालं का’ विचारतेयस. तू विचारायचंच नाहीस. तू नाव नोंदवून यायचं. बटण दाबलं की ते हाक मारतं.”

“आणि तोवर कार्यक्रम कुठं थांबतो?”

“थांबत नाही. संपतो.”

हे काही माझ्या पचनी पडेना. म्हणून त्यानं मेनच्या अगदी शेवटच्या ओळीत ‘संपलं’ असं रोमन अक्षरांत छापायला लावलं. चालवलं. खिडकी आली, काळ्या पडद्यावर त्याच क्षणी ‘संपलं’ उमटलं, आणि खिडकी तरीही समोर उभीच. मेन कधीच घरी गेलं होतं. खिडकी जिवंत ठेवणारा वेगळाच एकजण मागं बसलेला होता. मुलाच्या पुस्तकात त्याचं नाव इव्हेंट डिस्पॅच थ्रेड. उंदीर हलला, कळ दाबली, बटण दाबलं, अशा सगळ्या घटना एका रांगेत उभ्या राहतात आणि हा एकटा गडी रांगेतली एकेक उचलून तिच्यासाठी नाव नोंदवलेल्यांना हाक मारतो. दवाखान्यात नंबर लावून बसल्यावर कंपाउंडर हाक मारतो ना, तसं. आपण दर दोन मिनिटांनी उठून डॉक्टरांच्या दारात जायचं नसतं.

ज्याला हाक मारायची तो ॲक्शनलिसनर. नाव नोंदवायची क्रिया ॲडॲक्शनलिसनर. आणि हाक आली की जे चालतं ते ॲक्शनपरफॉर्म्ड. तीन नावं, पण माझ्या डोक्यात बसायला लागले तीन दिवस, कारण अडचण नावांची नव्हतीच. वीस वर्षं मी कार्यक्रम वाचत होते तो पोथीसारखा, पहिल्या ओवीपासून शेवटच्या ओवीपर्यंत. इथं मी लिहिलेल्या ओळी कुणीतरी दुसरा, त्याला वाटेल तेव्हा, वाटेल तितक्या वेळा चालवणार होता. “वाटेल तितक्या वेळा” याचा अर्थ मला पुढं १० तारखेला कळला, पण ते पुढं.

जर्नलमध्ये हे सगळं लांबलचक लिहिलेलं होतं, निनावी क्लास करून त्याच्या पोटात ॲक्शनपरफॉर्म्ड. २०१४ मध्ये जावा ८ आल्यापासून तेच काम लॅम्डानं एका ओळीत होतं: एक अक्षर, एक बाण, आणि बाणापुढं काय करायचं ते. मी सरळ बाणच घेतला. मुलगा कुरकुरला, सर परीक्षेत लांबडंच मागतात म्हणून. मला परीक्षा नव्हती.

पहिला बाण लावला, बटण दाबलं आणि काळा पडदा भरून इंग्रजी ओळी. नलपॉइंटरएक्सेप्शन, म्हणजे जिथं वस्तू हवी तिथं नल, काहीच नाही. तो ओळींचा ढीग बघूनच माणूस घाबरतो, पण त्यातल्या दोनच ओळी आपल्या असतात, बाकी सगळी जावाची आतली भांडणं. सगळ्यात वरची ओळ वाचायची, आणि मग खाली येत आपल्या फाइलचं नाव जिथं पहिल्यांदा दिसेल तिथला ओळ क्रमांक बघायचा. जावा १७ नं तर चक्क सांगितलं होतं की ‘रक्कम’ नल आहे म्हणून गेटटेक्स्ट करता येत नाही. मुलाच्या कॉलेजात जावा ८ आहे, तिथं नुसता ओळ क्रमांक मिळतो. काय रिकामं आहे ते आपण हुडकायचं.

पण नल कशी? चौकट तर समोर दिसतेय! एक अख्खी संध्याकाळ यात गेली, भात करपला तो वेगळाच. झालं होतं असं: क्लासच्या सुरुवातीला मी ‘जेटेक्स्टफील्ड रक्कम’ असं जाहीर केलं होतं. मग कन्स्ट्रक्टरमध्ये, म्हणजे खिडकी बांधणाऱ्या भागात, नवी चौकट करताना सवयीनं पुन्हा ‘जेटेक्स्टफील्ड रक्कम बरोबर न्यू’ असं लिहिलं. नावाच्या आधी असा प्रकार लिहिला की जावा समजतो, ही दुसरीच रक्कम, फक्त या कंसापुरती. खिडकीत गेली ती ही दुसरी. ‘जमा’चं काम मी वेगळ्या मेथडमध्ये, म्हणजे नाव दिलेल्या ओळींच्या गठ्ठ्यात, ठेवलं होतं आणि बाण तिला हाक मारायचा. ती बघत होती पहिलीकडे, जी जन्माला आलीच नव्हती. नावाआधीचा तो एक शब्द खोडला आणि चाललं. दाबेपर्यंत चूक दिसत नाही, हा बटणांच्या कार्यक्रमाचा छळ आहे. कंपायलर खूश, खिडकी सुंदर, आणि आत घर रिकामं.

सुरुवातीला तीन बटणं होती: जमा, व्याज, एकूण. मी तिघांसाठी एकच लिसनर ठेवला आणि आत विचारलं, आलेल्या घटनेची ॲक्शनकमांड ‘जमा’ आहे का, ‘व्याज’ आहे का. छान चाललं. शेजारच्या वहिनींना दाखवलं तर त्या म्हणाल्या, “नुसतं जमा काय? जमा करा लिहा, बरं दिसतं.” लिहिलं. बटण मुकं झालं. चूक नाही, ओळींचा ढीग नाही, काही नाही. दाबा आणि बघत बसा. आपण वेगळी ॲक्शनकमांड दिली नसेल तर जावा बटणावरचा मजकूरच कमांड म्हणून वापरतो. मी पाटी बदलली आणि आतली अट जुन्याच पाटीची वाट बघत राहिली. त्यातच मुलाला आणखी एक दिसलं. मजकुराची तुलना मी इक्वल्सनं न करता दोन बरोबरच्या चिन्हांनी केली होती आणि ती इतके दिवस नशिबावर चालली होती, कारण कार्यक्रमात लिहिलेला एकच मजकूर जावा एकदाच साठवतो. चौकटीत टाइप केलेल्या मजकुरावर तेच केलं असतं तर अक्षर न् अक्षर सारखं असूनही ‘नाही’ म्हणाला असता.

मुलानं सांगितलं, जावाच्या अगदी पहिल्या आवृत्तीत, १९९६ साली, असंच करावं लागायचं. सगळ्या घटना एका ठिकाणी येणार आणि आत जर-तरची शिडी. १९९७ ला जावा १.१ मध्ये ऐकणारे वेगळे करता यायला लागले. मी आपली आपोआप जुन्या शिडीवर चढले होते. शिडी काढून टाकली आणि प्रत्येक बटणाला त्याचा स्वतःचा बाण दिला. मग पाटीवर काहीही लिहा.

मधेच एक नवल सांगते. एकदा कीबोर्ड मराठीवर राहिला आणि मी चौकटीत देवनागरी २०० लिहिले. आता ओळींचा ढीग येणार म्हणून डोळे मिटले, तर बिनतक्रार जमा! पूर्णांक करणारं इंटिजर डॉट पार्सइंट देवनागरी आकडे ओळखतं. पण व्याजाचे ५०.५० तसेच लिहिले तर डबल डॉट पार्सडबल बिथरलं, त्याला इंग्रजी आकडेच लागतात. एकाच घरातल्या दोन जावा, एकीला मराठी येतं, दुसरीला नाही. (कोटी मुलानं केलीय, माझी नाही.)

नोंद झाल्यावर खाली ‘जमा झाले’ असं तीन सेकंद दिसावं आणि पुसलं जावं, अशी माझी हौस. लेबलवर मजकूर लावला, थ्रेड डॉट स्लीपला ३००० मिलिसेकंद सांगितले, मग मजकूर पुसला. दाबलं. बटण आत दबलेलंच राहिलं, खिडकी दगड झाली, तीन सेकंदांनी सुटली, आणि ‘जमा झाले’ एकदाही दिसलं नाही. मी वैतागून दगड झालेल्या बटणावर आणखी दोनदा दाबलं होतं. जाग आल्यावर त्यानं तेही इमानदारीत चालवलं. एकीच्या नावावर तीन नोंदी.

कारण तोच एकटा गडी. हाका मारणारा तोच आणि खिडकी रंगवणाराही तोच. मजकूर लावला म्हणजे लगेच रंगला असं नाही, ‘जमेल तेव्हा रंगव’ अशी फक्त चिठ्ठी रांगेत जाते. आणि मी त्यालाच झोपवलं होतं. उठला तेव्हा मजकूर पुसून झालेला, रंगवायला उरलं काय? माझे जादाचे दोन क्लिक मात्र रांगेत उभेच होते. इथं झोपायचं नसतं, टायमर लावायचा असतो: तीन सेकंदांनी मला हाक मार, एकदाच मार, म्हणजे सेटरिपीट्स फॉल्स. तो लावला तर कंपायलर म्हणे, टायमर कुठला, स्विंगचा की युटिलचा? दोन्हीकडं त्याच नावाचा एकेक आहे आणि मी दोन्ही पेट्या सरसकट उघडून ठेवल्या होत्या. स्विंगचा, असं पूर्ण नाव घेऊन सांगितलं.

आणि मग १० तारीख.

सभासदांची नावं मी जेकॉम्बोबॉक्समध्ये, म्हणजे खाली उघडणाऱ्या यादीत भरली होती. सगळ्यात वर ‘नाव निवडा’, मग अध्यक्षकाकू, मग बाकीच्या. घरी पन्नासदा तपासलेलं. रक्कम आधीच २०० भरून ठेवलेली, सगळ्यांची तेवढीच असते. ओसरीवर लॅपटॉप पाटावर ठेवला, एकेकीनं पैसे दिले, मी नाव निवडलं, ‘जमा करा’ दाबलं, ‘जमा झाले’ दिसलं, पुसलं गेलं. चौदा जणी झाल्या. बायका कौतुकानं वाकून बघत होत्या. मी ऐटीत ‘एकूण’ दाबलं.

२१,०००.

क्षणभर कुणी बोललं नाही. मग मागून आवाज आला, “ताई, एवढी बचत असेल तर माझ्या कर्जाचं बघा की!” आणि ओसरी हसण्यानं भरून गेली. डब्यातले पैसे मोजले, २,८०० बरोबर होते. वहीत पेननं लिहून घेतलं आणि लॅपटॉप बंद केला.

घरी आल्यावर नोंदींची फाइल उघडली. अध्यक्षकाकूंच्या नावावर २०० च्या चौदा नोंदी, म्हणजे २,८०० रुपये. दुसरीच्या नावावर तेरा, तिसरीच्या बारा, आणि शेवटच्या सूनबाईंची फक्त एक. एकपासून चौदापर्यंतची बेरीज १०५, गुणिले २००, झाले २१,०००. हिशोब चोख होता! आणखी एक होतं. नोंदी उलट्या पडल्या होत्या: तिसरीची पाळी होती तिथं आधी तिसरीचं नाव, मग दुसरीचं, मग काकूंचं.

तो उलटा क्रम मुलानं बघितला आणि म्हणाला, “आई, तू बटणाला चौदा कान लावलेस.”

खरंच लावले होते. यादीतून नाव निवडलं की काय करायचं, त्या बाणाच्या आत मी नाव वाचलं होतं आणि तिथल्या तिथंच ‘जमा करा’ला ॲडॲक्शनलिसनर केलं होतं, कारण नाव तिथंच हाताशी होतं. दर निवडीला एक नवा लिसनर. जुना कुणी काढत नाही, जावा स्वतःहून तर नाहीच, आणि आधी कुणी नोंदवलंय का हेही तो विचारत नाही. प्रत्येक बाणानं आपल्या वेळचं नाव मुठीत धरून ठेवलेलं. चौदावं नाव निवडून बटण दाबलं की चौदाही जणींना हाक, शेवटी आलेलीला आधी, पहिल्या अध्यक्षकाकूंना सगळ्यात शेवटी. घरी माझं तपासणं कसं, तर दरवेळी कार्यक्रम नव्यानं उघडायचा, पहिलंच नाव निवडायचं, दाबायचं, खूश व्हायचं. पन्नासदा काकूच तपासल्या होत्या मी.

दुरुस्तीला दोन मिनिटं लागली. नोंदणीची ओळ यादीच्या बाणातून उचलली आणि खिडकी बांधतानाच एकदा लावून टाकली. नाव काय निवडलंय ते बटण दाबल्यावर, त्या घटकेला, यादीलाच विचारायचं. मग वेगवेगळी पाच नावं निवडून पाचदा दाबलं, फाइलमध्ये पाचच ओळी. तरी मी पुढं चौदाही केल्या, आणि मग उलट्या क्रमानंही केल्या.

पुढच्या महिन्याच्या सभेला लॅपटॉप नेऊ की नको असं झालं होतं. नेला. वही शेजारी उघडी ठेवूनच सुरुवात केली. ‘एकूण’ दाबताना या वेळी सगळ्याजणी पुढं सरकल्या. २,८०० आले. अध्यक्षकाकूंनी चष्मा वर केला, पडद्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

“हे सगळ्यांचे झाले गं. माझे गेल्या महिन्याचे २,८०० कुठं गेले?”